खर्चाची बाजू चोख, जमेची कच्ची : बेसबॉल क्लब चालवण्याच्या एका संगणकीय खेळाविषयी

बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षे काढलेल्या माणसासमोर ताळेबंद आला की त्याची नजर आधी देण्यांच्या बाजूला जाते. ही सवय निवृत्तीनंतर सुटेल असे वाटले होते. पण गेल्या मार्चमध्ये भाच्याने माझ्या लॅपटॉपवर एक खेळ चढवून दिला आणि ती पुन्हा कामाला लागली. या खेळात बॅट फिरवायची नसते, चेंडूही टाकायचा नसतो. अमेरिकेतील एखाद्या व्यावसायिक बेसबॉल क्लबचा जनरल मॅनेजर होऊन खेळाडूंशी करार करायचे, इतर क्लबांशी खेळाडूंची अदलाबदल करायची, पगाराचा बोजा सांभाळायचा, नवी पोरे हेरायची आणि हंगाम संपला की मालकासमोर हिशेब ठेवायचा, एवढेच त्यात असते. सामना पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकत आपोआप पार पडतो. आठ दिवस माझे हे उद्योग पाहिल्यावर भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही गेम खेळून राहिले की ऑडिट करून राहिले?” त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.

खेळाचे नाव येथे देत नाही. या प्रकारचे खेळ मोजकेच आहेत, शोधणाऱ्याला ते सहज सापडतात, आणि माझ्या तक्रारींपैकी काही माझ्या जुन्या लॅपटॉपच्या खात्यावरही जमा होऊ शकतात. मी गेल्या वर्षीची आवृत्ती सवलतीत, हजार रुपयांच्या आत घेतली. सुरुवातीला एक हंगाम पुढे सरकायला इतका वेळ लागत असे की तेवढ्यात कूलरच्या टाकीत पाणी भरून व्हायचे. मग नागपूरच्या बर्डीवर जाऊन मेमरी वाढवून आणली आणि काम बरेच हलके झाले. नियमांची धास्ती मात्र कोणी घेऊ नये. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांपलीकडे बेसबॉल फारसा कोणी पाहिलेला नसतो, मीही पाहिलेला नव्हता. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, बॅटर म्हणजे तो मारणारा आणि होम रन म्हणजे मैदानाबाहेरचा फटका, एवढे तीन शब्द कळले तरी या खेळातले ऐंशी टक्के काम अडत नाही, कारण ते काम मुळात करारांचे आहे.

करारांची ही बाजू इतकी बारकाईने उभी केली आहे की दाद द्यावी लागते. तिचा कणा म्हणजे खेळाडूच्या सेवेची मोजणी. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, दाखल झालेला खेळाडू पहिली तीन वर्षे साधारणपणे किमान वेतनाच्या आसपास खेळतो. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे त्याला पगारासाठी लवादाकडे जाता येते आणि सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की तो मुक्त होतो, म्हणजे वाटेल त्या क्लबशी वाटेल तेवढ्या रकमेचा करार करू शकतो. तोवर त्याच्यावर क्लबचा हक्क असतो. पूर्वी हा हक्क व्यवहारात कायमचाच होता. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपली फिलाडेल्फियाला झालेली रवानगी नाकारली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ मध्ये तो हरला. मात्र डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सायट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि मालकांची साखळी तुटली. मालकांनी सायट्झला त्यानंतर लगेच कामावरून दूर केले, पण निकाल टिकला.

सेवेचे एक वर्ष म्हणजे संघाच्या यादीवरचे १७२ दिवस. शिकागो कब्ज या क्लबने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट या तरुण खेळाडूला हंगामाचे पहिले काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवले आणि एप्रिलच्या मध्यावर वर बोलावले. वर्षअखेरीस त्याचे दिवस भरले १७१. त्या एका दिवसामुळे तो मुक्त होण्याचे वर्ष एकाने पुढे गेले. क्लबचे म्हणणे असे की त्याचे क्षेत्ररक्षण अजून सुधारायचे होते. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. रोजंदारीवरच्या माणसाचे २४० दिवस भरू नयेत म्हणून त्याला मध्येच ‘ब्रेक’ देण्याची रीत इथल्या कारखान्यांना, कार्यालयांना आणि, खोटे कशाला बोलू, बँकांनाही चांगली ठाऊक आहे. अशा ब्रेकच्या कागदावर मीही सह्या केलेल्या आहेत, आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी काहीतरी सभ्य लिहिलेले असे.

खेळात हा हिशेब खेळाडूच्या नावापुढे लहान अक्षरांत दिसतो : वर्षे, स्वल्पविराम, दिवस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपला सहायक स्वतःहून सुचवतो की अमुक मुलाला आणखी पंधरा दिवस खाली ठेवल्यास क्लबचा फायदा आहे. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानंतर पदार्पणाच्या हंगामातील पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्षाची सेवा मिळते, हा बदलही खेळाने नोंदवला आहे. फक्त खाली ठेवलेला मुलगा इथे कधी तक्रार करत नाही. त्याच्या मनःस्थितीचा एक रंगीत चौकोन हिरव्याचा पिवळा होतो, तेवढेच.

लवादाची पद्धतही खेळाने नेमकी पकडली आहे. खेळाडू एक आकडा लिहून देतो, क्लब दुसरा, आणि लवादाला त्या दोहोंपैकी एकच निवडता येतो. मधला आकडा काढण्याचा त्याला अधिकारच नसतो. कळमन्याच्या बाजारात सौदा अडला की मध्यस्थ ‘ना तुझे ना त्याचे’ म्हणत मध्ये तोडतो, आणि ते माहीत असल्यामुळे दोघेही मुळातच ताणून बोलतात. इथे ताणणाराच बुडतो. माझ्या एका पिचरने ४२ लाख डॉलर मागितले, मी ३१ लाख लिहिले आणि लवादाने ४२ लाख मंजूर केले. पुढच्या वर्षी तशाच खेळाडूसाठी मी मुकाट ३८ लाख लिहिले. समोरून ४० आले आणि प्रकरण सुनावणीपूर्वीच ३९ वर मिटले. मध्ये तोडायचे ते दोघांनी आपसातच तोडून घ्यावे, म्हणून तर लवादाला तो अधिकार दिलेला नसतो. हे मला पुस्तकी वर्णनाने कधी इतके नीट समजले नसते.

लांबणीवर टाकलेल्या पगाराच्या पडद्यावर मात्र माझ्यातला बँकवाला खुश झाला आणि थोड्याच वेळात चिडलाही. बॉबी बोनिया या खेळाडूचे प्रकरण अनेकांनी ऐकले असेल. २००० मध्ये न्यूयॉर्क मेट्स क्लब त्याला ५९ लाख डॉलर देणे लागत होता. ते तेव्हाच चुकते करण्याऐवजी आठ टक्के व्याजाने पुढे ढकलून २०११ ते २०३५ अशी पंचवीस वर्षे दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर देण्याचे ठरले. लोक याला मूर्खपणाचा नमुना म्हणून हसतात. मी एका दुपारी जुनी वही काढून गणित मांडले : ५९ लाखांवर अकरा वर्षांचे चक्रवाढ व्याज धरले की होतात सुमारे १ कोटी ३७ लाख ५७ हजार, आणि त्याचे आठ टक्क्यांनी पंचवीस समान हप्ते, पहिला हप्ता आगाऊ, असे पाडले की आकडा नेमका जुळतो. म्हणजे यात खैरात काहीच नव्हती, ते सरळ आठ टक्क्यांचे कर्ज होते. त्या काळी मेट्सच्या मालकांचा पैसा बर्नार्ड मॅडॉफ या गुंतवणूक व्यावसायिकाकडे गुंतलेला होता आणि तिकडचा परतावा आठ टक्क्यांहून जास्त दिसत असे. २००८ मध्ये तो सगळा व्यवहार फसवणुकीचा निघाला आणि मॅडॉफचे पितळ उघडे पडले. चूक असलीच तर ती खेळाडूच्या करारात नव्हती, ठेव कोणाकडे ठेवली त्यात होती.

चिडलो ते यानंतर. लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी या खेळाडूशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ६८ कोटी बिनव्याजी असून २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे आहेत. बेसबॉलमध्ये पगाराला सक्तीची कमाल मर्यादा नाही. एक उंबरठा मात्र आहे, २०२५ साठी तो २४ कोटी १० लाख डॉलर होता, आणि तो ओलांडणाऱ्या क्लबला वरच्या रकमेवर कर भरावा लागतो. सलग ओलांडत राहिल्यास कराचा दर २० वरून ३० आणि मग ५० टक्क्यांवर जातो, शिवाय फार वर गेल्यास अधिभार वेगळा. २०२४ मध्ये डॉजर्सने १० कोटी डॉलरहून अधिक कर भरला. या कराच्या हिशेबात ओहतानीचा पगार वर्षाला ७ कोटी धरला जात नाही, सुमारे ४ कोटी ६० लाख धरला जातो, कारण दहा-वीस वर्षांनी मिळणाऱ्या डॉलरची आजची किंमत कमी असते. हा सगळा व्यवहार उभा आहे तो आजच्या किमतीच्या या तत्त्वावर. माझ्या आवृत्तीत लांबणीवर टाकलेली रक्कम कराच्या हिशेबात पूर्ण दर्शनी किमतीने पकडली जाते. मी तीन वेगवेगळे करार करून तपासले. तारण न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखी ही चूक आहे, आणि ज्यांनी सेवेच्या एकेका दिवसाचा हिशेब ठेवला त्यांच्याकडून ती व्हावी याचे आश्चर्य वाटते.

आकडेशास्त्राच्या बाबतीत खेळ पुन्हा भरवशाचा ठरतो. संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, असे केले की त्या संघाने साधारण किती सामने जिंकायला हवेत याचा अंदाज येतो. हे सूत्र बेसबॉलमध्ये बरेच जुने आहे. माझ्या चौथ्या हंगामात क्लबने १६२ पैकी ९३ सामने जिंकले. धावा केल्या होत्या ७०२, दिल्या होत्या ७००. सूत्राप्रमाणे विजय ८१ यायला हवे होते. जास्तीचे बारा सामने नशिबाचे होते. ते मला दिसत होते, तरी मालक खुश, तिकिटे खपलेली, म्हणून दोन बॅटरांना पाच-पाच वर्षांचे जड करार दिले. पुढच्या वर्षी विजय ७८. संत्र्याच्या बागेवर कर्ज मागायला येणारा शेतकरी नेहमी मृग बहार फुटला त्या वर्षाचा हिशेब घेऊन येतो, आणि त्याला आंबिया बहाराचे, गारपिटीच्या वर्षाचे आकडे विचारणे हे कर्ज अधिकाऱ्याचे काम असते. हे मी नव्या मुलांना शिकवले आहे. खुर्ची बदलली आणि मीच विसरलो.

ओकलंड ॲथलेटिक्सने २००२ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरच्या पगारात १०३ सामने जिंकले, त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजचा पगार त्याच्या तिपटीच्या आसपास होता. बिली बीन हा त्यांचा जनरल मॅनेजर. बाजार ज्या गुणाला कमी भाव देतो तो गुण विकत घ्यायचा, हे त्याचे धोरण खेळात तसेच्या तसे चालवून पाहता येते, आणि ते तीनेक हंगामच का चालते हेही कळते : इतर क्लबही तोच गुण शोधू लागतात आणि भाव चढतो.

आता जमेची बाजू. इथे हा खेळ निराश करतो. क्लबचे उत्पन्न ठरते ते ‘शहराचा आकार’ या एका आकड्यावर, आणि त्याला जोड म्हणून प्रेक्षकांचा उत्साह दाखवणारी एक पट्टी. प्रत्यक्षात बेसबॉल क्लबाचे अर्थकारण गेल्या पंधरा वर्षांत सर्वाधिक हलले ते याच बाजूने. डॉजर्स क्लब जून २०११ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात होता. २०१२ मध्ये तोच २ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. मैदान तेच, संघ जवळपास तोच. खरेदीदाराने किंमत दिली ती येऊ घातलेल्या स्थानिक दूरचित्रवाणी कराराची, आणि पुढच्याच वर्षी पंचवीस वर्षांचा, ८ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा तो करार झाला. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. चौदा क्लबांचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांची मालक असलेली डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण लोक केबल तोडू लागले होते. मे महिन्यात सॅन दिएगोचे सामने दाखवण्याची जबाबदारी लीगला स्वतःवर घ्यावी लागली. आपल्या जमेचा मोठा हिस्सा अशा एका ऋणकोवर अवलंबून आहे, हा धोका खेळात कुठेच जाणवत नाही. माझ्या अठ्ठावीस हंगामांत वाहिनीचा हप्ता एकदाही चुकला नाही. अशी वाहिनी मला बँकेत भेटली असती तर मी तिला मागेल तेवढे कर्ज दिले असते.

क्लबांमधली वाटणीही अशीच उडत उडत दाखवली आहे. प्रत्येक क्लब आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाच्या ४८ टक्के रक्कम एका सामाईक निधीत टाकतो आणि तो निधी तीस क्लबांत सारखा वाटला जातो. त्यामुळे छोट्या शहराच्या मालकासमोर रोज एक मोह उभा असतो : संघावर खर्च न करता वाटणीवरच जगावे. खेळात तो मोह नाही. मालक म्हणजे समाधानाची एक टक्केवारी आणि तीन उद्दिष्टे. तो स्वतःच्या खिशात काय घालतो, नव्या मैदानासाठी शहराकडून काय उकळतो, आणि न मिळाल्यास कुठे निघून जातो, हे प्रश्न या जगात नाहीत. ॲथलेटिक्स २०२४ नंतर ओकलंड सोडून गेले आणि लास वेगासचे मैदान बांधून होईपर्यंत सॅक्रामेंटोतील खालच्या लीगच्या मैदानावर खेळत आहेत. मी खेळात ओकलंडचा क्लब घेऊन शहर न सोडण्याचा निश्चय केला होता. पण सोडण्याचा दबाव आणणाराच कोणी नसल्यामुळे त्या निश्चयाला काही अर्थ उरला नाही.

हीच उणीव सर्वांत जास्त खटकली ती १९९४ चा हंगाम खेळताना. खेळात जुनी वर्षेही निवडता येतात, म्हणून मी मॉन्ट्रियल एक्स्पोज घेतला. प्रत्यक्षात १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंनी संप पुकारला तेव्हा हा कमी पगाराचा संघ ७४ विजय आणि ४० पराभवांसह संपूर्ण मेजर लीगमध्ये आघाडीवर होता. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती मान्य नव्हती. संप २३२ दिवस चालला, वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलने वॉकर, ग्रिसम, हिल आणि वेटलंड हे चार मोठे खेळाडू एका फटक्यात गमावले. २००५ मध्ये क्लबच वॉशिंग्टनला गेला. माझ्या लॅपटॉपवर १२ ऑगस्ट शुक्रवारसारखा शुक्रवार उजाडला, आम्ही ६–३ ने जिंकलो आणि १३ तारीख आली. ऑक्टोबरमध्ये आमचा संघ दुसऱ्या फेरीत बाद झाला, मालक समाधानी होता, वॉकरने नवा करार केला. कामगार संघटना नावाची गोष्टच ज्या जगात नाही तिथे किमान वेतन, लवाद आणि सहा वर्षांनंतरची मुक्तता हे नियम आले तरी कोठून, असा प्रश्न पडतो. ते आकाशातून पडलेले नाहीत. एकेक नियम भांडून, कधी हंगाम बुडवून मिळवलेला आहे.

आयपीएल पाहणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा खेळ तरीही घ्यायला सांगतो, आणि त्याचे कारण नागपूरचेच आहे. आयपीएलमध्ये ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ जवळजवळ नव्याने मांडला जातो, आणि सर्व फ्रँचायझींची थैली सारखी असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. त्यामुळे सतरा वर्षांच्या पोराला सहा वर्षे वाढवत बसण्यात कोणत्याही फ्रँचायझीचा फारसा फायदा नाही. बेसबॉल क्लबाला तो आहे, म्हणून प्रत्येक क्लब खालच्या लीगमध्ये चार-चार संघ पोसतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट पाहायची तर जामठ्याकडे, विदर्भाच्या क्रिकेट मैदानाकडे, पाहावे लागते. विदर्भाने २०१७–१८, २०१८–१९ आणि २०२४–२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकले, त्यात वसीम जाफर किंवा करुण नायरसारखे बाहेरून आणलेले अनुभवी खेळाडू मोजकेच होते. संघाचा गाभा इथल्याच अकादमीत आणि मैदानांवर वाढलेला होता. २०२४–२५ मध्ये ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे त्याच गाभ्यातला. कोणावर किती वर्षे खर्च करायचा, आणि कोणती जागा बाहेरून भरायची, हा निर्णय या खेळात शंभर वेळा घ्यावा लागतो.

शेवटी एक गैरसोय, जी नागपूरच्या उन्हाळ्यात खेळणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावी. खेळाची आपोआप जतन होण्याची मूळ मुदत महिन्याची आहे, म्हणजे खेळातल्या महिन्याची. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली असून तो फक्त विजेवर चालतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तीन क्लबांची अदलाबदल जमवण्यात दोन तास घालवून मी नुकतीच संमती दिली होती, तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, पडदा काळा झाला. संध्याकाळी वीज आल्यावर खेळ शेवटच्या जतनापासून पुन्हा पुढे सरकवून तोच प्रस्ताव त्याच अटींवर पुन्हा मांडला तर तिसऱ्या क्लबने साफ नकार दिला. मधल्या काळात त्यांचा एक पिचर जखमी झाला होता आणि आता त्यांना त्यांचा माणूस सोडायचा नव्हता. सेटिंगमध्ये जतनाची मुदत ‘रोज’ अशी करता येते. खेळ सुरू करण्यापूर्वी, क्लब निवडण्याच्याही आधी, ती करून घ्यावी.